बी-पेशी, ब-पेशी की स्मृतिपेशी?

मूळ प्रश्न
मंडळी नमस्कार. नववी-दहावीच्या मुलांसाठी लसीकरणावर छोटी पुस्तिका मराठीत करतोय, त्यात बी सेल, म्हणजे रोगजंतूंना चिकटणारी प्रथिनं (अँटीबॉडी) ज्यांच्यामुळे तयार होतात त्या पांढऱ्या पेशी, पानोपानी येतो. कुठे 'ब-पेशी' दिसतं, कुठे 'बी पेशी'. ब म्हटलं की 'तुकडी ब' आठवते, आणि बी लिहिलं तर मुलं बियाणं समजतात. हा बी नक्की कशाचा, बोन मॅरोचा का? आणि मेमरी बी सेलला नुसतं स्मृतिपेशी चालेल?

प्रतिसाद १
बोन मॅरोचा नाही, तसं अगदी पटण्यासारखं असलं तरी. तो बी बर्साचा, आणि बर्सा असतो पक्ष्यांना. शेपटीखाली, विष्ठा बाहेर पडते तिथे एक छोटी पिशवी असते, इटलीत पादुआला शिकवणाऱ्या फॅब्रिसियसने चारशे वर्षांपूर्वी तिचं वर्णन केलं म्हणून त्याचं नाव तिला लागलं, पण ती करते काय हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मग १९५० च्या दशकात ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत ब्रूस ग्लिक कोंबड्यांची ही पिशवी काढून काय फरक पडतो ते बघत होता. त्याच्या सहकाऱ्याला, टिमोथी चँगला, वर्गात अँटीबॉडी तयार होताना दाखवायच्या होत्या म्हणून त्याने ग्लिककडच्या कोंबड्या नेल्या, त्यांना साल्मोनेला या जिवाणूचं इंजेक्शन दिलं, तर काहींच्या रक्तात अँटीबॉडी सापडेचनात. कोणत्या कोंबड्या, तर बर्सा काढलेल्या! एका मोठ्या नियतकालिकाने हा पेपर नाकारला, शेवटी १९५६ साली तो 'पोल्ट्री सायन्स'मध्ये आला, आणि माणसांच्या रोगांवर काम करणाऱ्यांच्या नजरेला तो पडायला बराच काळ गेला. १९६५ मध्ये मिनेसोटात मॅक्स कूपर आणि रॉबर्ट गुड यांनी कोंबड्यांवरच दाखवलं की लसीकापेशींची (लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची) दोन वेगळी घराणी आहेत, थायमस ग्रंथीतली आणि बर्सातली. त्यावरून टी आणि बी. माणसाला बर्सा नसतो, आपल्या बी-पेशी अस्थिमज्जेत, म्हणजे बोन मॅरोत, तयार होतात, इंग्रजी अक्षर जुळलं हा योगायोग.

प्रतिसाद २
माहिती आवडली, पण मग 'ब' ला हरकत काय? आपण 'ब जीवनसत्त्व' म्हणतोच की, शाळेतल्या पुस्तकात आहे आणि कोणाला ते दुय्यम वाटत नाही.

प्रतिसाद १ (पुन्हा)
जीवनसत्त्वांमध्ये अ, ब, क हा क्रम आहे, म्हणून तिथे ब शोभतो. इथे क्रम नाहीच, नावाचं आद्याक्षर आहे. टी सेलला मग ट-पेशी म्हणणार का? मधे जोडरेघ देऊन 'बी-पेशी' लिहा आणि पहिल्या पानावर कोंबडीची गोष्ट सांगा, मुलं विसरणार नाहीत.

प्रतिसाद ३
मी रक्ताच्या लॅबमध्ये काम करते, म्हणून स्मृतिपेशीबद्दल जरा सविस्तर. टी-पेशींनाही स्मृती असते, त्यामुळे नुसतं स्मृतिपेशी अपुरं पडतं, 'स्मृती बी-पेशी' असं लिहा. पण माझ्या मते त्याहून महत्त्वाचं हे की अँटीबॉडी, अँटीबॉडी तयार करणारी पेशी आणि आठवण ठेवणारी पेशी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मराठीत आपण तिन्हींवर 'प्रतिपिंडं' हा एकच शब्द टाकून मोकळे होतो. कोविडच्या वेळी किती जणांनी घाबरून विचारलं, ताई अँटीबॉडीचा आकडा खाली आला, लस वाया गेली का? अहो, अँटीबॉडी म्हणजे प्रथिन, ते कालांतराने कमी होणारच. ते बनवतात त्या प्लाझ्मा पेशी, त्यातल्या काही अस्थिमज्जेत वर्षानुवर्षं राहतात. स्मृती बी-पेशी मात्र शांतपणे फिरत असतात, तोच जंतू पुन्हा आला की भराभर वाढतात आणि त्यातल्या अनेक प्लाझ्मा पेशी होतात. नुसती अँटीबॉडी मोजून त्यांचा पत्ता लागत नाही.

त्या किती टिकतात बघा. १९१८ च्या फ्लूच्या साथीतून वाचलेल्या ९१ ते १०१ वयाच्या ३२ माणसांचं रक्त अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी तपासलं, त्यात व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीचे जेम्स क्रो होते, २००८ मध्ये ते 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आलं. जवळजवळ ९० वर्षांनीसुद्धा काहींच्या रक्तात त्या विषाणूला ओळखणाऱ्या बी-पेशी सापडल्या, आणि त्यांच्यापासून बनवलेल्या अँटीबॉडींनी त्या विषाणूची लागण केलेले उंदीर वाचले. दुसरं उदाहरण काँगोतल्या किक्विटचं. तिथे १९९५ च्या इबोला साथीतून वाचलेल्या एका माणसाच्या बी-पेशी दशकभरानंतर घेतल्या, त्यातल्या एका अँटीबॉडीचं औषध झालं, अँसुव्हिमॅब, २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. हे दोन्ही पुस्तिकेत घ्याच अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण स्मृती या शब्दाचा अर्थ यातूनच कळतो.

मूळ प्रश्नकर्ता
घेतोच ताई! अजून एक, 'जर्मिनल सेंटर'ला कच्च्या मसुद्यात कोणीतरी 'जंतुकेंद्र' केलंय. चालेल?

प्रतिसाद ३ (पुन्हा)
अजिबात नको! तो जर्म म्हणजे रोगजंतू नाही, अंकुर. 'अंकुरकेंद्र' करा. लस दंडावर टोचली की काखेतल्या लसीकाग्रंथीत (लिम्फ नोडमध्ये) ही केंद्रं तयार होतात, तिथे बी-पेशी वाढताना आपल्या जनुकांत बारीक बदल करतात आणि ज्यांची जंतूवरची पकड जास्त घट्ट त्या पुढे टिकतात. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत अली एलेबेडी यांच्या गटाने फायझरची लस घेतलेल्यांच्या काखेतून सुईने नमुने काढले, तर दुसऱ्या डोसनंतर १२ आठवड्यांनीही हे काम चालूच होतं. जंतुकेंद्र वाचून मुलांना वाटेल लसीमुळे काखेत जंतूंचं घर होतं, आणि घरी जाऊन ते आईवडिलांना तसंच सांगतील.

प्रतिसाद २
अंकुरकेंद्र छान आहे. आणि ज्या मुलांना बी म्हणजे बियाणं वाटतं त्यांना हा शब्द पटकन कळेल, फक्त बर्साची गोष्ट आधी येऊ द्या.