वर्षाच्या ज्वारीत सोंडे: एरंडेल की हवाबंद पिशवी?

परभणीत चौघांसाठी उन्हाळ्यात एकदाच दोन क्विंटल मालदांडी ज्वारी भरतो; दर महिन्याला किरकोळ घेणं महाग पडतं. मात्र श्रावणात सोंडे (सोंडकिडे) पडतात, तेही कोठीच्या तळातून.

दोन दिवस कडक ऊन दिलं, दाणा दाताखाली कट्ट वाजतो. सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पालाही थरांत घातला. कोठी पत्र्याची, विटांवर, भिंतीपासून वीतभर लांब. झाकण मात्र सैल आहे. जुने दाणे झटकलेत. धान्य गरम असतानाच भरलं होतं, तीच चूक असावी.

विषारी गोळ्या नकोत, घरात लहान लेकरं आहेत. खर्च पाचशेच्या आत.

एरंडेल ज्वारीला चालतं का, क्विंटलला किती, आणि भाकरीला वास येतो का? की पन्नास किलोच्या हवाबंद पिशव्याच बऱ्या?