म्युकरचा पेशंट, शुगर ३०० च्या वर: लिपोसोमल अँफोटेरिसिन नॉर्मल सलाईनमधून देता येईल का?

सिस्टर_ऐरोली
नमस्कार. आमच्या नर्सिंग होममध्ये किडनी ट्रान्सप्लांट झालेला, डायबिटीस असलेला पेशंट आहे. वजन ५८ किलो. नाक-सायनसच्या म्युकरचं (काळ्या बुरशीचं) ऑपरेशन मुंबईत झालं, उरलेले डोस घराजवळ घ्यावेत म्हणून इकडे पाठवलंय. ऑर्डर आहे लिपोसोमल अँफोटेरिसिन (चरबीच्या आवरणातलं बुरशीविरोधी औषध) ५ मिग्रॅ प्रति किलो, रोज एकदा. शुगर ३००-३२० येतेय म्हणून नातेवाईक डेक्स्ट्रोज लावू देत नाहीत. रात्रपाळीत नॉर्मल सलाईनमध्ये मिसळलं तर बाटलीत कण दिसले, ती लावली नाही. आता काय करावं? पुढे पोसाकोनाझोलच्या (बुरशीविरोधी) गोळ्या सुरू होणार आहेत, टॅक्रोलिमस (किडनी रिजेक्ट होऊ नये म्हणूनचं औषध) चालूच आहे. त्यात काय सांभाळायचं?

फार्मसी_ठाणे
ताई, बाटली लावली नाहीत हे फार चांगलं झालं. सलाईनमधल्या मिठाने हे औषध फुटून खाली बसतं. ५% डेक्स्ट्रोजला पर्याय नाही.

तुमच्या पेशंटला २९० मिग्रॅ लागतं, म्हणजे ५० मिग्रॅच्या ६ व्हायल. प्रत्येक व्हायलमध्ये १२ मिली स्टराइल वॉटर घाला (इथेही सलाईन नको) आणि लगेच ३० सेकंद जोरात हलवा. १ मिलीत ४ मिग्रॅ औषध येतं, म्हणजे साडेबहात्तर मिली ओढायचं. पिवळसर, थोडं गढूळ दिसणारच. गुठळ्या राहिल्या तर मात्र ती व्हायल बाद. बाटलीत सोडताना ५ मायक्रॉनचा फिल्टर लावा, दर व्हायलला नवा. मिसळल्यापासून ६ तासांच्या आत ड्रिप सुरू झाली पाहिजे.

आता शुगर. ५०० मिली डी-फाईव्हमध्ये (५% डेक्स्ट्रोजमध्ये) २५ ग्रॅम साखर असते, २५० मिलीत साडेबारा. २५० मिलीच घ्या. मिलीमागे साधारण ०.९ मिग्रॅ औषध पडतं आणि मर्यादा ०.२ ते २ आहे, त्यामुळे काही अडत नाही. नातेवाइकांना सांगा की एका पोळीतून जवळपास एवढंच पोटात जातं. इन्सुलिन वेगळं द्यायचं. या बाटलीत इन्सुलिन, पोटॅशियम, काहीही टाकायचं नाही.

लाईनमध्येही लोक चुकतात. किडनी जपण्यासाठी आधी ५०० मिली सलाईन द्यायची ऑर्डर बहुतेक असतेच. ते संपलं की त्याच सेटमधून औषध सोडू नका, नाहीतर कण नळीत होतील. आधी डी-फाईव्हने फ्लश, मग औषध २ तासांत, मग पुन्हा डी-फाईव्हने फ्लश. पहिली १० मिनिटं अगदी हळू सोडा आणि पेशंटजवळ थांबा. छाती आवळणं, कंबर दुखणं, चेहरा लाल होणं असं दिसलं तर ड्रिप थांबवून डॉक्टरांना बोलवा.

मायक्रो_कळवा
एक भर. दर वेळी बॉक्स हातात घेऊन ‘लिपोसोमल’ हा शब्द वाचा. साधं अँफोटेरिसिनही ५० मिग्रॅच्याच व्हायलमध्ये येतं आणि त्याचा डोस किलोमागे १ मिग्रॅच्या आसपास असतो. ते ५ च्या हिशोबाने गेलं तर हृदय बंद पडू शकतं. मेडिकलवाल्याने ‘तेच आहे, घ्या’ म्हटलं तरी घेऊ नका. आणि गोळ्यांच्या वेळी कोणी व्होरिकोनाझोल सुचवलं तर नकार द्या. अ‍ॅस्परजिलसवर (दुसऱ्या बुरशीवर) ते उत्तम आहे, म्युकरवर चालत नाही.

नेफ्रो_वाशी
सिस्टर, डेक्स्ट्रोजच्या साडेबारा ग्रॅमने शुगर ३२० होत नाही. स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमस, दोन्ही शुगर वाढवतात. इन्सुलिन कमी पडतंय, ते आजच वाढवून घ्या आणि कीटोन तपासा. शुगर आणि रक्तातली आम्लता चढी राहिली की म्युकर पसरतो, मग औषध कितीही महागाचं असो. स्टेरॉइड आणि मायकोफेनोलेट (ही दोन्ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं) कमी करायचं का, हेही ट्रान्सप्लांट टीमला विचारा.

क्रिएटिनिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम सुरुवातीला रोज पाहा. पोटॅशियम देऊनही चढत नसेल तर मॅग्नेशियम कमी असतं. ते भरल्याशिवाय पोटॅशियम टिकत नाही. हातातल्या शिरेतून पोटॅशियम तासाला १० मिलीइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त नको.

पोसाकोनाझोलच्या गोळ्या पहिल्या दिवशी ३०० मिग्रॅ दोनदा, नंतर रोज ३०० एकदा. जेवणासोबत, अख्ख्या गिळायच्या. सिरपचा डोस वेगळा असतो, गोळ्यांच्या जागी तेवढंच सिरप देऊ नका. या गोळ्या टॅक्रोलिमसचा निचरा अडवतात, म्हणून सुरू करतानाच टॅक्रोलिमस साधारण एक तृतीयांशावर आणावं लागतं. टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल तीन-चार दिवसांत तपासा, सकाळचा डोस घेण्याआधी. नाहीतर हात थरथरतात, क्रिएटिनिन चढतं आणि दोष अँफोटेरिसिनवर जातो. पोसाकोनाझोल बंद होईल तेव्हा टॅक्रोलिमस पुन्हा वाढवायचं, हे डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहून घ्या. ते राहिलं तर ट्रान्सप्लांट केलेली किडनी रिजेक्ट होऊ शकते. टीबीचं रिफॅम्पिसिन किंवा फिटचं फेनिटॉइन चालू असेल तर आधी कळवा, त्यांनी पोसाकोनाझोलची लेव्हल पडते.

सिस्टर_ऐरोली
खूप आभार सर, सगळं ड्युटी रूममध्ये लिहून लावते. कॅन्युला दोन दिवसांत लाल होतेय, सुजतेय. पाय चालेल का?

फार्मसी_ठाणे
पाय नको, डायबिटीसमध्ये तिथली जखम चिघळते. कोर्स काही आठवड्यांचा असतो, त्यामुळे सेंट्रल लाईनचं बोला. फक्त पिक लाईन (दंडाच्या शिरेतून छातीपर्यंत जाणारी लांब नळी) परस्पर टाकू नका. पुढे डायलिसिसची वेळ आली तर फिस्टुलासाठी (शीर आणि धमनी जोडण्यासाठी) दंडाच्या शिरा लागतात. कुठली लाईन टाकायची, हे नेफ्रोलॉजिस्टनाच ठरवू द्या.