घरच्या पीसीत व्हायरस शिरलाय, फॉरमॅट न करता निघेल का?

म्हापशेकर: बाबांच्या पीसीवर (विंडोज ११) कालपासून उजव्या कोपऱ्यात सारखं "कॉम्प्युटर धोक्यात, या नंबरवर फोन करा" येतंय, आत चवथीचे फोटो, बँकेची कामं सगळंच आहे आणि दुकानवाला म्हणतो फॉरमॅटच मारूया. काय करू?

फोंड्याचा नेटवाला: त्या नंबरवर अजिबात फोन करू नका, फसवणूकच असते ती!! आधी वायफाय बंद. मग विंडोज सिक्युरिटीत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्स, तिथे डिफेंडरचा (विंडोजमधलाच अँटिव्हायरस) ऑफलाइन स्कॅन लावा, पीसी रिस्टार्ट होतो आणि विंडोज चालू व्हायच्या आधीच तपासणी होते म्हणून लपून बसलेलं पण सापडतं, साधारण १५ मिनिटं लागतात.

मडगावकरीण: कोपऱ्यातलं ते बहुतेक ब्राउझरचं नोटिफिकेशन असणार, सेटिंगमध्ये अनोळखी साइटची परवानगी काढा, नको ती एक्स्टेंशनं (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम) पण उडवा. बँकेचा पासवर्ड मोबाइलवरून बदला, त्या पीसीवरून नको हां. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन.

म्हापशेकर: परवानगीत कसलीतरी फुकट सिनेमावाली साइट होती, काढली, पॉपअप थांबले! पैसे शाबूत आहेत. स्कॅन लावतो. फोटो पेनड्राइव्हवर घेऊ ना?

फोंड्याचा नेटवाला: स्कॅन झाल्यावर घ्या, फक्त फोटोच, सेटअपच्या फाइली नको.