मदत हवी आहे: जुनी गाडी घेतली, मूळ आरसी एजंटच्या हातात द्यावी का?

नमस्कार मंडळी. ओळखीच्या काकांकडून २०१७ ची वॅगनआर घेतली, पासिंग एमएच १५. पैसे बँकेतून दिले, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर काकांच्या सह्या झाल्या. अडलंय एचपीवर, म्हणजे आरसीवरच्या बँकेच्या कर्जाच्या नोंदीवर. कर्ज फिटून बरेच दिवस झाले, बँकेची एनओसी आणि ती नोंद काढायचा शिक्का मारलेला फॉर्म ३५ हातात आहे, पण आरसीच्या स्मार्ट कार्डावर बँकेचं नाव अजून तसंच आहे.

पेठ रोडच्या आरटीओत कामं करून देणारा एक एजंट म्हणतो, "मूळ कार्ड, एनओसी, सगळं माझ्याकडे ठेवा, नावावर होऊन येईल." पावतीचं विचारलं तर विषय बदलतो. गाडी मात्र मला रोज नाशिकरोडहून द्वारकामार्गे सातपूरला न्यायची आहे. नाव काकांचं असल्यामुळे आरसी माझ्या डिजिलॉकरमध्ये येत नाही. चौकात अडवलं तर दाखवू काय?

काकांचा जास्त घोर लागलाय. सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या निकालाप्रमाणे अपघात झाला तर ज्याच्या नावावर गाडी, तोच मालक धरला जातो. गाडी विकून मोकळ्या झालेल्या माणसाला माझ्यामुळे कोर्टाची पायरी चढायला लागू नये.

आणि नावावर झाल्यावर मूळ कार्ड तुम्ही कुठे ठेवता? घरचे म्हणतात डॅशबोर्डच्या कप्प्यात. मला पटत नाही. गाडी चोरीला गेली तर कार्डही गेलं, आणि विम्याचा क्लेम करताना आरसी लागतेच.

प्रतिसाद:
पावती न देणाऱ्याला मूळ कार्ड अजिबात देऊ नका. परिवहनच्या वेबसाइटवर एचपी उतरवण्याचा आणि ट्रान्सफरचा अर्ज स्वतः भरता येतो. फी भरल्याची पावती आणि आरसीची झेरॉक्स गाडीत ठेवा. कार्ड जमा करण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघा. काकांनी विक्रीची माहिती १४ दिवसांत आरटीओला द्यायची असते, विमा कंपनीला तुम्ही कळवायची मुदतही १४ दिवसांचीच. नाव चढलं की डिजिलॉकरमधली आरसी पोलिसांना चालते. मूळ कार्ड घरीच, कपाटात. हरवलंच तर आधी पोलिसांत नोंद, मग फॉर्म २६ भरून डुप्लिकेट.