रेनी निकेलने नायट्रो रिड्यूस होत नाहीये, तातडीने मदत हवी

वैनगंगा:
एम.एस्सी. प्रोजेक्ट, नागपूर. तीन दिवस झाले, नायट्रो गटाचं (NO₂) अमाइन (NH₂) होऊनच नाही राहिलं. रेनी निकेल (कॅटॅलिस्ट, म्हणजे उत्प्रेरक), हायड्राझीन हायड्रेट (हायड्रोजन पुरवायला), मिथेनॉल, सगळं पेपरप्रमाणे. टीएलसीवर (मिश्रणातले पदार्थ वेगळे दाखवणारी पट्टी) सुरुवातीचाच ठिपका. सोमवारी गाईडना दाखवायचंय. निकेल वाढवू का?

पेंच२३:
कंपाऊंड कोणतं? बाटली किती जुनी, निकेलवर पाणी होतं का? बुडबुडे येतात का?

वैनगंगा:
बाटली नवीन, निकेल पाण्याखालीच. हायड्राझीनचा थेंब टाकला की बुडबुडे येतात, दहा मिनिटांत बंद. नवीन निकेल टाकलं की पुन्हा थोडे येतात.

कॉटनमार्केट:
निकेल सोडा, पॅलेडियम चारकोल (कोळशाच्या पुडीवरचं पॅलेडियम) घ्या. आमच्याकडे कधीच फसलं नाही.

तेलगिरणी:
निकेलला नावं ठेवू नका. मरे रेनीने १९२० च्या दशकात ते सरकीच्या तेलाच्या हायड्रोजनेशनसाठीच (तेलात हायड्रोजन जोडायला) काढलं. निकेल-अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूतलं अ‍ॅल्युमिनियम कॉस्टिकने खाऊन टाकायचं, की सच्छिद्र निकेल उरतं. त्याआधी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ साबातिएला निकेलसारख्या धातूंवरच्या हायड्रोजनेशनसाठी १९१२ चं नोबेल मिळालं. आपला डालडा निकेलमुळेच.

पेंच२३:
काका, पोरगी अडकली आहे, डालडा नंतर. वैनगंगा, कंपाऊंड सांगितलंच नाही. त्यात सल्फर आहे का?

वैनगंगा:
हो, रिंगवर मिथाइलथायो (सल्फरवाला गट) आहे. पण तो नायट्रोपासून लांब आहे.

पेंच२३:
लांब असला तरी काय? सल्फर निकेलच्या पृष्ठभागाला चिकटतो आणि कॅटॅलिस्ट मरतो, म्हणून बुडबुडे बंद पडतात. निकेल भरपूर टाकलं तर उलट कार्बन-सल्फर बंधच तुटेल. थायोअ‍ॅसिटल नावाच्या संयुगांमधला सल्फर काढायला मुद्दाम रेनी निकेलच वापरतात. तेव्हा वाढवू नका! पॅलेडियमलाही सल्फर मानवत नाही. लोखंडाची पूड, अमोनियम क्लोराइड, इथेनॉल-पाणी, ७०-८० अंश.

कॉटनमार्केट:
बरं, सल्फर असेल तर माझं मागे घेतो.

क्रॉसकपलिंग:
निकेलने कपलिंग (दोन रेणू कार्बनला कार्बन जोडणं) पण होतं. जपानच्या कुमाडाने १९७२ मध्ये अरिल क्लोराइडवर दाखवलं. पॅलेडियमपेक्षा कितीतरी स्वस्त.

लॅबताई:
कोणी विचारलंच नाही: गाळलेलं निकेल कुठे टाकलं?

वैनगंगा:
फिल्टर पेपरसकट डब्यात.

लॅबताई:
अगं, आत्ता जा आणि त्यावर पाणी ओत! वाळलं की हवेत आपोआप पेट घेतं, आणि शेजारी मिथेनॉलचे कागद असतील तर विचारूच नको. आमच्याकडे गाळायच्या बुखनर फनेलवरच ठिणग्या उडाल्या होत्या. गाळताना केक (वर उरलेला गाळ) कोरडा पडू द्यायचा नाही, वापरलेलं निकेल पाण्याखाली बाटलीत ठेवायचं. नागपूरच्या मे महिन्यात तर पेपर बघता बघता वाळतो.

वैनगंगा:
ताई, पाणी ओतून आले. पेपर कडांनी वाळायला लागला होता.

वैनगंगा (दुसऱ्या दिवशी):
लोखंडाने दोन तासांत जुना ठिपका गेला, खाली नवा आला! पण सेलाइट (गाळायची पूड) काळ्या गाळाने चोक झालंय.

पेंच२३:
गरम असतानाच गाळा, इथिल अ‍ॅसिटेटने दोन-तीनदा धुवा.