खोका टाकू नका

ए-४०३: सुप्रभात. कोणी जागं आहे का? शाळेला आजपासून चार दिवस सुट्टी. मोठी पाच वर्षांची, धाकटा अडीचचा. अकराला माझी मीटिंग आहे आणि कॅमेरा चालू ठेवावा लागतो. मोबाइल द्यायचा नाही असं कालच ठरवलंय, आजच मोडायला नको. घरात आहे त्यातून काहीतरी सुचवा प्लीज.

सी-३०४: घरात काय काय आहे ते सांग आधी.

ए-४०३: मैदा, मीठ, जुने कागद, खडूंचे तुकडे आणि दोन राक्षस.

बी-१०२ बाई: मग झालं की. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, मोठा चमचाभर तेल. पाणी कोमट घे, साधारण वाटीभर लागेल, पण एकदम ओतू नकोस. नेहमीच्या कणकेपेक्षा घट्ट हवं. आणि मळायला तिलाच दे. तू गोळा तयार करून हातात ठेवलास तर अर्धी मजा तूच खाल्लीस. आधी बोटांना चिकटतं तेव्हा ‘ई ई’ करतील, हात झटकतील. दोन-तीन मिनिटांनी गोळा हात सोडायला लागतो. त्या वेळचा चेहरा बघ फक्त.

ए-४०३: धाकटा खाईल ना पण.

बी-१०२ बाई: एकदा तोंडात घालेल, खारट लागलं की थुंकेल. पण चव आवडणाराही एखादा निघतो, आणि एवढं मीठ पोटात जाणं बरं नाही. म्हणून अडीच वर्षांच्या पोराबरोबर हे शेजारी बसूनच करायचं. मीटिंगच्या वेळी नको, आत्ताच करून घ्या. झाल्यावर झाकणाच्या डब्यात ठेव, काही दिवस टिकतो. मिठामुळे लवकर बुरशी धरत नाही. वास आला की मात्र टाकून दे, जीव लावू नकोस.

सी-६०२: आमच्यासारखं कुत्रं असेल तर त्याच्यापासूनही लांब ठेवा. इतकं मीठ त्यांना विषासारखं.

ए-५०४: माझ्याकडून एकच अनुभवाचा सल्ला. उरलेला गोळा बेसिनमध्ये धुऊ नका. गेल्या वर्षी आमचा पाइप तुंबला. प्लंबरने उघडला तर आत अख्खा हत्ती. सोंडेसकट.

सेक्रेटरी: म्हणजे गेल्या वर्षी दोन नंबरची लाइन तुंबली होती ती तुमच्यामुळे?

ए-५०४: सर, मी जरा नंतर बोलतो.

ए-२०१ आजोबा: ५०४ साहेब, तुमच्या हत्तीवरून आठवलं. ‘प्ले-डो’ म्हणून जो तयार मऊ गोळा मिळतो ना, तो मुळात खेळणं नव्हताच. अमेरिकेत घरं कोळशाच्या शेगड्यांनी गरम करायचे, त्याची काजळी भिंतीवरच्या कागदावर बसायची. ती टिपून घ्यायला हा गोळा विकत. पुढे घरोघरी गॅस आला, काजळी गेली आणि कंपनी बसायच्या बेताला आली. एका बालवाडीच्या बाईंनी तोच गोळा मुलांच्या हाती दिला. १९५६ सालापासून तो खेळणं म्हणून विकला जातोय. थोडक्यात, साफसफाईच्या वस्तूने तुम्ही पाइप तुंबवलात.

ए-५०४: आजोबा, तुम्ही पण?

ए-४०३: मळणं चालू आहे. फरशी बघवत नाही. पण घरात शांतता आहे हो. आता अकराचं सांगा.

सी-३०४: रंगवायचा जाड ब्रश आणि पाणी.

ए-४०३: आणि रंग?

सी-३०४: रंग नाही, नुसतं पाणी. एक वाटी हॉलच्या फरशीवर ठेव आणि सांग, ‘रंगवा घर.’ फरशी, दार, कपाटाची खालची फळी, काहीही. ओलं झालं की गडद दिसतं आणि वाळलं की पाटी कोरी. आमच्याकडे तासभर चालायचं. पण वाटीच दे, बादली नको, आणि गॅलरीत एकटं सोडू नको. तुला दिसतील अशा जागी बसव.

बी-१०२ बाई: बादलीचं अगदी खरं. इतक्या लहान मुलांना चार बोटं पाणीसुद्धा धोक्याचं असतं.

ए-४०३ (११:५८): मीटिंग झाली. मध्येच पाठीला गार गार लागलं. धाकटा माझा कुर्ता रंगवत होता. मी चेहरा हलू दिला नाही. मोठीने फरशीवर सूर्य काढला होता, तो वाळला तर रडत आली, ‘माझा सूर्य कोणी नेला?’ मी म्हटलं हवेने नेला. मग तिने खिडकी लावून घेतली आणि दुसरा काढला. तोही गेला. आता पंखा बंद करून तिसरा काढतेय. मी घामाघूम.

ए-२०१ आजोबा: वा! प्रयोग चाललाय. मध्ये पडू नका. पंखा चालू आणि बंद, कोणता सूर्य आधी जातो ते तीच सांगेल.

सी-६०१: हे बघा आमच्या चिरंजीवांनी केलेलं. कागदी घुबड. पंख हलतात. वय वर्षे चार.

सी-६०१: [फोटो]

ए-५०४: भारी! डोळ्यांची गोलाई काय परफेक्ट!

बी-१०२ बाई: सुंदर आहे. कापलं कोणी?

सी-६०१: कापायला मी थोडी मदत केली.

बी-१०२ बाई: आणि चिकटवलं?

सी-६०१: ते पण मीच. तो डिंक सगळीकडे लावत होता. डोळे त्याने लावले. म्हणजे जागा मी दाखवली.

सी-३०४: म्हणजे त्याने काय केलं?

सी-६०१: तो शेजारी होता.

बी-१०२ बाई: रागावू नका हं, सगळ्याच घरी हेच होतं. तीस वर्षं बालवाडी चालवली, घरून येणाऱ्या वस्तू बघून सांगायचे यात आईचा हात किती आणि बाबांचा किती. चार वर्षांच्या मुलाने केलेलं घुबड हे घुबडासारखं दिसत नाही. त्याला आधी नुसतं फाडू द्या. रद्दीच्या लांब पट्ट्या टराटरा फाडायला मुलांना भयंकर आवडतं आणि बोटांत जोर येतो तो त्यानेच. मग बोथट टोकाची कात्री आणि बोटभर रुंदीची पट्टी, एका घावात तुकडा पडेल अशी. अंगठा वर राहतोय का तेवढं बघायचं. गोल कापणं फार पुढचं. आणि डिंक सगळीकडे लावत असेल तर लावू दे, त्या वयात डिंक लावणं हेच काम असतं. विकतचा डिंक संपतो म्हणून जीव तुटत असेल तर खळ करून द्या. दोन चमचे मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर घट्ट होईपर्यंत ढवळायचा, गार करून वाटीत काढायचा.

सी-६०१: मान्य बाई. पण मग ते दिसतं कसं! नुसता चिकट कागद.

बी-१०२ बाई: हो, नुसता चिकट कागदच दिसतो.

ए-४०३: बाई, एक विचारू? मोठी माणूस काढते तर डोक्यातूनच हात-पाय फुटतात. पोट नाहीच. शिकवावं का?

बी-१०२ बाई: मुळीच नको. तीन-चार वर्षांची मुलं जगभर असाच माणूस काढतात. त्याआधी रेघोट्या, मग गोल, मग गोलाला पाय. पाचव्या-सहाव्या वर्षाच्या आसपास पोट आपणहून येतं, कुणाचं थोडं आधी, कुणाचं नंतर. तू काढून दाखवलंस तर ती तुझा माणूस काढायला शिकेल आणि तिचा बंद होईल. ‘हे काय आहे?’ असंही विचारू नये. बिचाऱ्यांना वाटतं, ओळखूच येत नाहीये वाटतं. ‘मला सांग ना याच्याबद्दल’ एवढं म्हणायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं आपल्याला जमत नाही ही खरी अडचण.

ए-५०४: आमच्याकडे स्लाइम करायचा हट्ट आहे. एका व्हिडिओत डिंक आणि बोरॅक्स सांगितलंय. करू का?

सी-६०२: बोरॅक्स नको. त्वचेला आणि डोळ्यांना त्रास होतो, पोटात गेलं तर आणखी वाईट. त्यापेक्षा कॉर्नफ्लोअर घ्या. दोन वाट्यांना एक वाटी पाणी. मुठीत दाबलं तर दगड, मूठ उघडली की बोटांतून ओघळतं. माझा नवरा पाऊण तास खेळत होता, मुलं कंटाळून निघून गेली. तेही बेसिनमध्ये ओतायचं नाही, ५०४. वाळू द्यायचं आणि झाडून टाकायचं.

ए-५०४: आता हे आयुष्यभर ऐकायचंय मला.

सी-६०२: आणि ज्यांच्याकडे तीन वर्षांच्या आतली मुलं आहेत त्यांनी मणी, बटणं, फुगे, छोटी चुंबकं देऊ नका. टॉयलेट पेपर संपला की जी पुठ्ठ्याची नळी उरते, तिच्यातून जे आरपार जातं ते त्या वयाच्या मुलाच्या घशात अडकू शकतं. मी ती नळी स्वयंपाकघरात टांगूनच ठेवली होती. घड्याळाचे गोल सेल तर नजरेलाही पडू देऊ नका.

सेक्रेटरी: चर्चा चांगली चालू आहे म्हणून मुद्दाम सांगतो. रविवारी सकाळी १० वाजता पार्किंगमध्ये लहान मुलांची चित्रकला स्पर्धा. वय ३ ते ६. पहिले तीन क्रमांक मेडल, बाकीच्यांना सर्टिफिकेट. मेडल आणून ठेवलेली आहेत. नावं द्या.

सी-६०१: आमचं नाव लिहा.

सी-३०४: चित्र तुम्ही काढणार की तो?

बी-१०२ बाई: सेक्रेटरी साहेब, तुमचा हेतू चांगला आहे पण तीन वर्षांच्या मुलांत नंबर काढू नका हो. मन मोडतं ते आहेच, पण मला दुसरी भीती वाटते. ज्यांना मेडल मिळतं त्यांचीही गोडी जाते.

सेक्रेटरी: मेडल मिळाल्याने गोडी कशी जाईल? उलट प्रोत्साहन मिळतं.

ए-२०१ आजोबा: बाई म्हणतात त्याचा प्रयोग झालेला आहे. मार्क लेपर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केला, १९७३ साली छापून आला. स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढ, तुला सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं सर्टिफिकेट देऊ. काहींना काहीच न सांगता शेवटी अचानक दिलं. काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात तेच पेन पुन्हा नुसते मांडून ठेवले आणि कोण किती वेळ चित्रं काढतं ते लपून पाहिलं. ज्यांना आधी बक्षीस कबूल केलं होतं ती मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ त्या टेबलावर थांबली. अचानक मिळालेल्यांचं काही बिघडलं नाही.

सेक्रेटरी: म्हणजे आधी सांगायला नको होतं.

ए-२०१ आजोबा: तुम्ही आत्ताच ग्रुपवर सांगितलंत.

सेक्रेटरी: मुलं ग्रुपवर नाहीत.

ए-५०४: पॉइंट आहे.

सेक्रेटरी: पण मेडलचं काय करू? चोवीस आहेत.

सी-३०४: पार्किंगच्या भिंतीला एक लांबच लांब कागद लावू, मुलांच्या छातीइतक्या उंचीवर. खडू ठेवू. ज्याला यायचं तो येईल, काढेल, जाईल. नंबर नाही, विषयही देऊ नका. मेडल कॅरमला वापरा.

सेक्रेटरी: बघतो. कमिटीला विचारावं लागेल. गाड्या ९ च्या आत हलवाव्या लागतील, ते लक्षात ठेवा.

ए-४०३: आजोबा, मोठीला सहा दिवसांपूर्वी तुम्ही ते कागदाचं छोटं पुस्तक करून दिलं होतं. कसं करायचं? आणखी मागतेय.

ए-२०१ आजोबा: एक कोरा कागद. लांबीच्या बाजूने मधोमध घडी, उघडा. मग रुंदीच्या बाजूने दोनदा घडी, पुन्हा उघडा. आठ घरं दिसतील. आता आखूड कडा आखूड कडेवर आणून कागद एकदाच दुमडा. दुमडलेल्या बाजूकडून मधल्या रेघेवर कात्री चालवा, फक्त एक घर संपेपर्यंत, पुढे नाही. उघडलंत की कागदाच्या पोटात एक चीर दिसेल. लांबीची घडी पुन्हा घाला आणि दोन्ही टोकं धरून एकमेकांकडे ढकला. चीर उघडते, अधिकचं चिन्ह होतं, मग पानं एका दिशेला दाबा. आठ पानी पुस्तक. डिंक नाही, पिन नाही. माझं पहिलं चुकलं होतं, अर्धा कागद हातात आला.

सी-३०४: त्यात ती बोलेल ते तू लिही, चित्रं ती काढेल. पण बोलेल तसंच लिहायचं, व्याकरण सुधारायचं नाही.

ए-४०३ (१८:२०): लिहिलं. वाचा: ‘मुंगीचा पाय दुखला. ती घरी गेली. घर झोपलं होतं. मग ती दुसऱ्या मुंगीकडे गेली पण ती पण तीच मुंगी होती. संपलं नाही.’

बी-१०२ बाई: ‘संपलं नाही’ हे फार आवडलं.

ए-५०४: मला ‘ती पण तीच मुंगी’ कळलं नाही पण रात्रभर विचार करणार.

सी-६०१: बरं, आमचा नवीन फ्रिज आलाय. रिकामा खोका लिफ्टजवळ ठेवलाय. उद्या सकाळी भंगारात देतो. अडचण झाली तर सॉरी.

ए-२०१ आजोबा: अहो टाकू नका! अमेरिकेत खेळण्यांचं एक राष्ट्रीय मानाचं दालन आहे, त्यात २००५ साली पुठ्ठ्याच्या खोक्याला जागा मिळाली. २००८ साली साध्या काठीला. घुबड करणाऱ्या घरातून खोका जावा हे बरं नाही.

सी-६०१: खोक्याचं करायचं काय पण?

बी-१०२ बाई: तुम्ही काहीच करायचं नाही. स्टेपलरच्या पिना आणि चिकटपट्ट्या काढा, आडवा करून हॉलमध्ये ठेवा आणि लांब बसा. दार कापून हवं असेल तर तो सांगेल कुठे हवं ते. सुरी तुम्ही धरा, जागा तो दाखवेल. या वेळी उलटं.

सी-६०१ (२१:०५): खोका घरात घ्यायला गेलो तर हलेना. आत ४०३ ची मोठी, आमचे चिरंजीव आणि ५०४ चा बॅटरी घेऊन बसलेत. बाहेर खडूने काहीतरी लिहिलंय, वाचता येत नाही.

ए-४०३: ‘घर झोपलंय’ लिहिलंय. मला स्पेलिंग विचारून गेली होती, मला वाटलं पुस्तकासाठी.

सेक्रेटरी: लिफ्टसमोर सामान ठेवायला परवानगी नाही.

सेक्रेटरी: सकाळपर्यंत राहू द्या.