हाँगकाँग २०१९ : नेता नसणं ही ताकद होती की तिथेच घात झाला?

तिरपागडे :
संशयितांना चीनच्या ताब्यात देण्याची वाट उघडणाऱ्या प्रत्यार्पण विधेयकाविरुद्धच्या आंदोलनाबद्दल 'नेताच नाही तर पकडणार कुणाला' असं कौतुकाने सांगतात. मला ते जून महिन्यापुरतंच पटतं. ९ जूनचा मोर्चा आयोजकांच्या हिशेबाने १० लाखांचा, पोलिसांच्या हिशेबाने २ लाख ४० हजारांचा. १२ तारखेला विधिमंडळाला वेढा पडला आणि दुसरं वाचन अडलं, १५ला हाँगकाँगच्या मुख्याधिकारी (सरकारप्रमुख) कॅरी लॅम यांनी विधेयक स्थगित केलं, ४ सप्टेंबरला मागे घेत असल्याचं जाहीर केलं. आंदोलकांच्या पाच मागण्यांतली मूळ मागणी पदरात पडली होती. 'आता पोलिसांच्या वर्तनाच्या स्वतंत्र चौकशीवर अडून बसू, सार्वत्रिक मताधिकाराचं नंतर बघू' असं म्हणायचा अधिकार तेव्हा कुणाकडे होता? 'पाच मागण्या, एकही कमी नाही' हे मोर्च्यात ठीक, वाटाघाटीत नाही.

नोव्हेंबरात तर 'पाण्यासारखे राहा', म्हणजे एका जागी अडकू नका, हा स्वतःचाच नियम मोडून पोरं पॉलिटेक्निक विद्यापीठात ठाण मांडून बसली. क्रॉस हार्बर बोगद्याचं तोंड अडवायला ती जागा सोयीची, पण पोलिसांनी बाहेरच्या वाटा बंद केल्यावर तोच पिंजरा झाला. काही जण पादचारी पुलावरून दोरीने उतरून खाली थांबलेल्या मोटरसायकलींवरून निसटले, काहींनी गटारातून वाट शोधली. वेळेवर 'मागे फिरा' म्हणणारं कुणी नव्हतं.

शेंगदाणा :
२०१४च्या मताधिकाराच्या आंदोलनात नेते होते की! तीन भागांतले रस्ते ७९ दिवस अडवले आणि हाती भोपळा. त्यातले दोन प्राध्यापक नेते, बेनी ताई आणि चान किन-मान, यांना एप्रिल २०१९मध्ये प्रत्येकी १६ महिन्यांची शिक्षा झाली. जूनमध्ये पोरं बिननेत्याची रस्त्यावर आली, त्यात नवल काय?

आणि नेता नाही म्हणजे व्यवस्था नाही असं नव्हे. पुढच्या फळीला सामान माणसांच्या साखळीने जायचं. डोक्यावर दोन्ही हात धरले की हेल्मेट हवं, डोळ्यांभोवती बोटांची वर्तुळं केली की गॉगल. गोंगाटात हाक पोहोचत नाही, म्हणून खूण मागे मागे सरकते आणि वस्तू हातोहात पुढे येते. अश्रुधुराचं नळकांडं पडलं की एकाने रस्त्यावरचा प्लास्टिकचा शंकू त्यावर ठेवायचा, दुसऱ्याने वरच्या भोकातून पाणी ओतायचं. अश्रुधूर खरं तर बारीक भुकटी असते, त्यामुळे कापडी मास्क कुचकामी, फिल्टरचा अर्धमुखी मास्क लागतो. ऑगस्टअखेर पाण्याचा मारा करणाऱ्या गाड्या आल्या. पुढे त्या पाण्यात निळा रंग मिसळू लागले. तो कातडीवर टिकतो, घरी जाताना माणूस ओळखू येतो.

खरा फटका मेट्रोने दिला. सगळी धावपळ तिच्यावरच चालायची. ऑक्टोपस या प्रवासाच्या कार्डात प्रवासाची नोंद राहते म्हणून लोक रोख पैशांनी एकेरी तिकीट काढायचे. चिनी सरकारी माध्यमांनी झोडपल्यावर ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून आंदोलनाच्या भागातली स्थानकं आधीच बंद होऊ लागली. जमायचं कसं आणि पांगायचं कसं, दोन्ही अडलं. नेता असता तर स्थानकं उघडी राहिली असती?

कलमबहाद्दर :
तुम्ही दोघेही रस्त्यावरच अडकलात. मूलभूत कायद्याचं, म्हणजे हाँगकाँगच्या छोट्या राज्यघटनेचं, कलम १८ वाचा. परिशिष्ट तीनमध्ये टाकलेला राष्ट्रीय कायदा हाँगकाँगच्या विधिमंडळात न जाताही लागू होतो. ३० जून २०२०ला राष्ट्रीय सुरक्षा कायदा तसाच आला. रात्री ११ला लागू झाला आणि पूर्ण मजकूर लोकांनी तेव्हाच पाहिला. वर कलम १५८ आहेच, अंतिम अर्थ लावायचा अधिकार बीजिंगमधल्या चिनी संसदेच्या स्थायी समितीचा. २०१६च्या आमदारांच्या शपथविधीच्या वादात तो वापरून सहा आमदार घरी बसवले.

२००३ला मोर्चा का जिंकला? याच मूलभूत कायद्याच्या कलम २३खालचा सुरक्षा कायदा तेव्हा विधिमंडळातूनच जायचा होता. १ जुलैला ५ लाख लोक उतरले, लिबरल पक्षाचे जेम्स टिएन कार्यकारी परिषदेतून बाहेर पडले आणि सरकारचं बहुमत गेलं. गर्दीमुळे मतं फुटली, कारण फुटण्यासारखी मतं होती. तोच कायदा मार्च २०२४मध्ये मांडल्यापासून ११ दिवसांत मंजूर झाला, ८९ विरुद्ध ०.

खवचट काका :
७० वर्षांचा सफाई कामगार डोक्यात वीट लागून गेला, वाद घालणाऱ्या एका माणसाला पेटवलं. यावर एक ओळ नाही? नेता नसला की जबाबदारीही कुणाचीच नाही, हा भाग सोयीस्कर आहे.

शेंगदाणा :
काका, दोन्ही गोष्टी निषेधार्हच. पण त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, २४ नोव्हेंबरला जिल्हा परिषदांचं मतदान झालं. ७१ टक्के लोकांनी मत दिलं आणि १८पैकी १७ परिषदा लोकशाहीवाद्यांकडे गेल्या. हिंसेला कंटाळून जनता सरकारकडे वळेल, हा बीजिंगधार्जिण्यांचा अंदाज सपशेल आपटला.

तिरपागडे :
जागा भरपूर, पण मतं साधारण ५७ टक्के, हेही सांगा. एक मत जास्त तो विजयी, अशा पद्धतीत आकडा फुगतो. कलमबहाद्दर, मतं फोडायची तर बोलणी करणारा माणूस नको का?

कलमबहाद्दर :
तेही करून झालं. कलम ५२ सांगतं की विधिमंडळाने अंदाजपत्रक नाकारलं, ते बरखास्त झालं आणि नव्यानेही नाकारलं, तर मुख्याधिकाऱ्याला राजीनामा द्यावा लागतो. त्यासाठी ३५हून अधिक जागा जिंकायच्या, म्हणून जुलै २०२०मध्ये प्राथमिक निवडणूक घेतली आणि सुमारे ६ लाखांनी मतदान केलं. नेते होते, योजना होती. त्याबद्दल ४७ जणांवर राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली खटला, ४५ जणांना शिक्षा, बेनी ताईंना १० वर्षं. विधिमंडळाची निवडणूक कोविडचं कारण देऊन पुढे ढकलली आणि २०२१मध्ये विधिमंडळच बदललं : ९० जागा, त्यातल्या थेट निवडून येणाऱ्या फक्त २०.

तिरपागडे :
ते २०२०चं. मी सप्टेंबर २०१९बद्दल बोलतोय. मायकेल टिएनसारखा सरकारी गोटातला आमदारही चौकशी आयोग मागत होता. ती फट होती.

शेंगदाणा :
आणि कनिष्ठ पोलिसांची संघटना आयोगाच्या विरोधात उघड उभी होती. लॅम यांच्या हाताशी सुमारे ३० हजार पोलिसांखेरीज होतं काय? त्यांना दुखावून आयोग नेमला असता तर दुसऱ्या दिवशी रस्त्यावर उभं कोण राहणार होतं?